मागच्या अंगणातलं पक्षी-प्राणी निरीक्षण: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

पक्षी बघायचे म्हणजे पहाटे चारला उठायचं, बॅग भरायची, लांब कुठेतरी जंगलात जायचं असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिथेच घोडं अडतं, कारण तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. खरंतर उपनगरातल्या घरामागे चार झाडं, थोडी मोकळी माती आणि एक कंपाउंडची भिंत असेल तरी सुरुवातीला पुरेसं आहे. आणि मला तर वाटतं शिकायला अंगणच जास्त चांगलं. जंगलात एखादा पक्षी दहा सेकंद दिसतो आणि उडून जातो, तो नर होता का मादी, काय खात होता, कुणाला घाबरला, काहीच कळत नाही. अंगणात तीच बुलबुलची जोडी तुम्हाला वर्षभर रोज दिसते, म्हणजे तिचं भांडण, घरटं, पिल्लं, पिसं झडणं सगळं दिसतं. प्रजाती कमी दिसतील पण ज्या दिसतील त्या नीट कळतील. खाली जे काही सांगितलंय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे, की रोज तीच जागा आणि शक्यतो तीच वेळ.

पायरी १: आधी काहीच विकत घेऊ नका, आठवडाभर फक्त बसा

एक जागा ठरवा. मागच्या दाराची पायरी, खिडकीच्या आतली खुर्ची, गॅलरीचा कोपरा, काहीही चालेल, फक्त पाठीमागे भिंत किंवा झुडूप असलेलं बरं म्हणजे तुमची आकृती आकाशासमोर उठून दिसत नाही. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी येईल अशी बाजू निवडा, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि रंग ओळखायला गेलं की हमखास चुकतं.

बसल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं बहुतेक काहीच होत नाही, आणि नवीन लोक नेमके तेव्हाच उठून जातात. तुम्ही बाहेर आलात ते सगळ्यांनी बघितलेलं असतं, सगळे गप्प होऊन वाट बघत असतात. ते थांबू द्या. मग आधी चिमण्या किंवा साळुंक्या परत येतात, मग खार खाली उतरते, आणि त्यांना बघून बाकीचे येतात. मान हळू वळवा, हात झटकन वर करू नका. बोट दाखवणं तर अजिबात नको, बरोबर मुलं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की "त्या जाड फांदीच्या डावीकडे" असं तोंडाने सांगायचं. कपडे भडक किंवा पांढरेशुभ्र नसावेत एवढंच, लष्करी कपडे वगैरे काही लागत नाहीत.

वेळ म्हणाल तर सूर्योदयानंतरचे दोन तास सगळ्यात भारी, त्यानंतर सूर्यास्ताच्या आधीचा तास. दुपारी झाडावर शांतता असते पण तेव्हा वर बघा, जमीन तापून गरम हवा वर चढायला लागली की घारी आणि इतर शिकारी पक्षी त्या हवेवर पंख न हलवता गोल गोल वर जातात. आणि पाऊस पडून गेल्यानंतरची संध्याकाळ तर चुकवूच नका. वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून हजारोंनी बाहेर पडतात आणि मग कोतवाल, साळुंकी, बुलबुल, कावळे, घारी सगळेच तुटून पडतात, जे एरवी फळं खातात तेसुद्धा, आणि अंधार पडल्यावर त्याच किड्यांवर बेडूक आणि पाली येतात.

पायरी २: नाव नंतर, आधी पक्षी बघा

नवीन माणूस पक्षी दिसला की लगेच फोन काढतो आणि शोधायला लागतो, तोवर पक्षी गेलेला असतो. उलट करा. पक्षी समोर आहे तोवर फक्त बघा आणि मनातल्या मनात बोला: केवढा आहे (चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, हे चार मापं पाठ असले की बास), चोच कशी आहे, शेपटी लांब की आखूड, उभी की पडलेली, कुठे बसलाय, आणि काय करतोय. रंग सगळ्यात शेवटी, कारण प्रकाशाने रंग फसवतो आणि आकार सहसा फसवत नाही.

चोच बघितली की अर्धं काम होतं. आखूड जाड त्रिकोणी चोच म्हणजे दाणे फोडणारा, उदाहरणार्थ चिमणी आणि मुनिया. लांब बारीक खाली वाकलेली म्हणजे फुलातला मध पिणारा, जसा शिंजीर, ज्याला बरेच जण सूर्यपक्षी म्हणतात. टोकाला हुक असलेली म्हणजे मांस फाडणारा. खंड्याची चोच लांब आणि जाड, आणि तो फक्त पाण्याजवळच असतो असं काही नाही, अंगणात येऊन टोळ, सरडे, अगदी छोटे उंदीरसुद्धा उचलतो.

आता एकच पक्षी जरा जवळून बघू. शिंपी, चिमणीपेक्षा लहान, पाठ हिरवट, कपाळ तांबूस, शेपटी उभी, आणि आवाज त्याच्या आकाराच्या मानाने खूपच मोठा. कुंडीतल्या रुंद पानाच्या झाडात तो सारखा आत-बाहेर करताना दिसला तर लांबूनच बघत रहा. मादी पानाच्या कडेला चोचीने बारीक भोकं पाडते, मग कोळ्याच्या जाळ्याचा किंवा कापसाचा धागा त्या भोकातून ओढते, आणि धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूला पिंजारलं जातं त्यामुळे तो सुटून परत आत सरकत नाही. असे बरेच टाके घालून पानाची पिशवी होते आणि घरटं तिच्या आत, मऊ कापूस वगैरे घालून. भोकं इतकी बारीक असतात की पान सहसा वाळत नाही, हिरवंच राहतं, म्हणून दोन हातांवर घरटं असूनही माणसाला पत्ता लागत नाही. हे बघायला कुठलंही महागडं सामान लागत नाही, फक्त त्या कुंडीकडे रोज लक्ष पाहिजे.

आणि रोज बघण्याचा अजून एक फायदा. जांभळा शिंजीर नर विणीच्या दिवसात चमकदार निळा-जांभळा दिसतो, पण तो काळ संपला की खालून पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी राहते. पुस्तकात बघून ओळखणाऱ्याला हा वेगळाच पक्षी वाटतो. कोकिळाचंही तसंच, नर काळा कुळकुळीत आणि मादी तपकिरी ठिपक्यांची, शेजारी शेजारी बसले तरी नवख्याला हे एकाच जातीचे आहेत असं वाटणार नाही. आणि कधीतरी एखादा कावळा त्याच्यापेक्षा अगदी वेगळ्या दिसणाऱ्या पिल्लाला घास भरवताना दिसला तर समजा ते कोकिळेचं पिल्लू आहे.

पायरी ३: बायनॉक्युलर (घ्यायचीच तर)

८×४२ घ्या, डोळे झाकून. ८ म्हणजे आठ पट जवळ दिसतं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. लोकांना वाटतं १० पट घेतलं तर अजून छान दिसेल, पण पट वाढली की हाताची थरथरही तेवढीच वाढते, दिसणारा भाग लहान होतो आणि पानातला छोटा पक्षी शोधता शोधता दमायला होतं. अंगणासाठी अजून एक गोष्ट बघा, जवळचं फोकस. काही बायनॉक्युलर चार-पाच मीटरच्या आतलं नीट दाखवतच नाहीत, अंगणात तर सगळा खेळ जवळचा, त्यामुळे दोन मीटरपर्यंत फोकस होणारी मिळाली तर फुलपाखरं आणि चतुरसुद्धा मस्त बघता येतात.

उजव्या डोळ्यापाशी एक छोटी फिरवायची रिंग असते ती पहिल्याच दिवशी सेट करा: उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावं झाकून फक्त त्या रिंगने उजव्या डोळ्याला स्पष्ट करा, नंतर कायम मधलंच चाक वापरायचं. बरेच लोक हे करतच नाहीत आणि मग डोकं दुखतं म्हणून बायनॉक्युलर कपाटात जाते. पक्षी सापडत नाही अशी तक्रार असेल तर उपाय सोपा आहे, नजर पक्ष्यावरून हलवू नका आणि बायनॉक्युलर नजरेच्या मध्ये आणा, खाली बघून ती उचलायची आणि मग पक्षी शोधायचा असं नाही.

पायरी ४: पाणी ठेवा

अंगणात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. दाण्यांवर फक्त दाणे खाणारे येतात, पाण्यावर सगळेच येतात, किडे खाणारे, फळं खाणारे, मध पिणारे, खारी, मुंगूस, मधमाश्या, सगळे.

भांडं उथळ पाहिजे, मध्ये तीन ते पाच सेंटिमीटर पाणी आणि कडेला त्याहून कमी. खोल टबात लहान पक्षी उतरत नाही आणि उतरला तर बुडू शकतो. तळ खरखरीत असावा म्हणून मातीचं पसरट भांडं उत्तम, काचेचं किंवा गुळगुळीत प्लास्टिकचं असेल तर तळाला वाळू आणि दोन-तीन चपटे दगड टाका. एक दगड पाण्याबाहेर डोकं काढून असू द्या, मधमाश्या आणि फुलपाखरं त्यावर बसून पितात नाहीतर पाण्यात पडून मरतात.

जागा: सावलीत, आणि झुडपापासून साधारण दोन-तीन मीटरवर. अगदी झुडपाला चिकटून ठेवलं तर मांजर आत दबा धरून बसते, आणि अगदी उघड्यावर ठेवलं तर अंघोळ करून पंख जड झालेला पक्षी शिक्र्याला (छोटा शिकारी पक्षी) आयता मिळतो. एक भांडं कंबरेएवढ्या उंचीवर आणि एक जमिनीवर असं असेल तर फारच छान, जमिनीवरच्याला बेडूक, सरडे, मुंगूस येतात.

पाणी रोज बदला, निदान एक दिवसाआड तरी, आणि ब्रशने घासून. डासाचं अंडं ते उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे दोन दिवसांत पाणी ओतून टाकलं की डास होण्याचा प्रश्नच येत नाही, शेजाऱ्यांनी तक्रार केली तर त्यांना हेच सांगा. साबण नको, नुसतं घासा. आणि थेंब थेंब पाण्याचा आवाज होईल असं काही करता आलं, म्हणजे वर एखादी बाटली बारीक भोक पाडून टांगली, तर फरक लगेच दिसतो, थेंबाचा आवाज आणि पाण्यावरची हालचाल लांबून कळते.

पाण्यासोबत एक हात-दीड हात जागा कोरड्या मऊ मातीची मोकळी सोडा. चिमण्या तिथे खड्डे करून धुळीत लोळतात, पिसं साफ ठेवायला ते त्यांना लागतं. सगळं अंगण फरशीने किंवा लॉनने झाकून टाकलं की हे कुठे करणार त्या?

पायरी ५: खाणं घालावं का?

यावर लोक भांडतात, माझं मत सरळ सांगते: आधी झाडं, मग पाणी, आणि दाणे सगळ्यात शेवटी आणि कमी.

दाणे घातले की पहिली येतात कबुतरं, आणि मग तीच उरतात. बाकीचे लहान पक्षी मागे सरतात, खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. शिवाय एकाच ठिकाणी रोज गर्दी झाली की विष्ठा आणि लाळेतून रोग पसरतात, कबुतरं-होल्यांमध्ये घशाचा आजार, डोळ्याभोवती गाठी येणारी देवी, असे प्रकार गर्दीच्या फीडरवर (दाणे ठेवायच्या ट्रेवर) जास्त होतात. तरीही घालायचेच असतील तर अर्ध्या तासात संपतील एवढेच घाला, उरलेले उचला, ट्रे दर एक-दोन आठवड्यांनी ब्लीचच्या पाण्याने (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) धुवून पूर्ण वाळवा. अंगणात पिसं फुगवून बसलेला, डोळे अर्धे मिटलेला, जवळ गेलं तरी न उडणारा पक्षी दिसला तर खाणं दोन आठवडे पूर्ण बंद, म्हणजे बाकीचे पांगतील. पाव, खारे-तळलेले पदार्थ, उरलंसुरलं शिजवलेलं, काहीच नको. माकडं येत असतील तर त्यांना तर अजिबात काही देऊ नका, एकदा माणसाच्या हातातून मिळायला लागलं की ते हिसकावून घ्यायला लागतात आणि शेवटी त्रास माकडांनाच होतो.

आता झाडांचं बघा. जे पक्षी मोठेपणी दाणे खातात, अगदी चिमणीसुद्धा, तेही पिल्लांना पहिले काही दिवस मुख्यतः अळ्या आणि किडेच भरवतात, कारण पिल्लाला वाढायला प्रोटीन लागतं. म्हणजे ज्या अंगणात कीटकनाशक फवारलं जातं तिथे दाण्यांची रास असली तरी पिल्लं उपाशी. म्हणून पानं कुरतडलेली दिसली तर खूश व्हा! लिंबू किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी असते, ती लिंबूवर्गीय झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराची, मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून लाल-केशरी शिंग काढते. मुलांना हे दाखवा, ते विसरणार नाहीत. रुईवर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी मिळेल, ती रुईच्या चिकाचं विष अंगात साठवते म्हणून तिला पक्षी शक्यतो खात नाहीत.

तुमच्या भागात मूळची जी झाडं-झुडपं आहेत ती लावा, एक उंच, दोन मध्यम, खाली दाट झुडूप, अशा तीन पातळ्या झाल्या तर प्रत्येक पातळीवर वेगळे पक्षी येतात. पडलेली पानं एका कोपऱ्यात तशीच राहू द्या, सातभाई आणि दयाळ तीच उलटी-पालटी करून किडे शोधतात. आणि वाळकी फांदी धोक्याची नसेल तर कापू नका, तांबट आणि सुतार पक्षी अशाच लाकडात भोक करतात आणि त्यांनी सोडलेलं भोक मग दुसरे वापरतात.

पायरी ६: कान वापरा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरी मजा इथेच आहे. गाणं वेगळं, धोक्याचा आवाज वेगळा. गाणं म्हणजे नर उंच जागी बसून तेच तेच म्हणतो, "ही जागा माझी". दयाळ पहाटे पहाटे असा गातो. तांबटाचं टुक-टुक-टुक तासभर एका लयीत चालतं, तांब्याच्या भांड्यावर ठोकल्यासारखं.

धोक्याचा आवाज मात्र एकटा नसतो. समजा बुलबुल कर्कश ओरडायला लागला, मग खार शेपटी झटकत चिर्र चिर्र सुरू झाली, शिंपी त्यात घुसला, सातभाईंचा सगळा गट जमला, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आणि खाली, तर तिथे मांजर, साप किंवा मुंगूस आहे असं समजा आणि त्यांची नजर जिथे आहे तिथे बघा. सगळ्यांची तोंडं झाडाच्या खोडाकडे किंवा दाट पानांकडे असतील तर पिंगळा किंवा दुसरं एखादं घुबड दिवसा झोपलेलं सापडतं, एरवी तुम्हाला ते जन्मात दिसलं नसतं. आणि उलट, एकदम सगळं चिडीचूप झालं, चाललेली किलबिल कापल्यासारखी थांबली, तर वर बघा, शिक्रा गेला असणार. हे तीन प्रकार ओळखायला शिकलात की अंगणात काय चाललंय ते घरात काम करतानाही कळतं.

आवाज ओळखायला मर्लिन ॲप आहे, कॉर्नेल लॅबचं (अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-संशोधन संस्था), फुकट, फोन धरला की नाव सुचवतं. वापरा, पण त्याने सुचवलेलं नाव हा फक्त अंदाज समजा, पक्षी डोळ्याने दिसेपर्यंत वहीत लिहू नका. आणि ॲपमधला आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका प्लीज. त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय, तो खाणं-पिल्लं सोडून लढायला येतो, आणि आपल्याला काय तर एक फोटो.

पायरी ७: रात्र

उपनगरातले सस्तन प्राणी बहुतेक रात्रीचेच, मुंगूस, खार आणि माकडं सोडून. त्यामुळे आधी ते दिसतील अशी अपेक्षा नको, आधी खुणा शोधा. कंपाउंडच्या भिंतीवर किंवा छतावर एकाच ठिकाणी बिया भरलेली विष्ठा दिसली तर उदमांजर येतंय. फळझाडाखाली चावून चोथा करून थुंकलेले गोळे म्हणजे वटवाघळं (उष्टी फळं उचलून खाऊ नका). जायच्या वाटेवर चाळलेली बारीक माती पसरून संध्याकाळी सारखी करून ठेवा, सकाळी ठसे वाचा: चार बोटं आणि नखं नाहीत तर मांजर, चार बोटं आणि नखांच्या खुणा तर कुत्रा, पाच बोटं आणि लांब नखं असा छोटा ठसा तर मुंगूस असण्याची शक्यता जास्त.

टॉर्च असेल तर डोळ्यांच्या उंचीवर, गालाजवळ धरा, म्हणजे प्राण्याच्या डोळ्यातून परत येणारा प्रकाश थेट तुमच्याकडे येतो आणि डोळे चमकताना दिसतात, गवतातले कोळीसुद्धा हिऱ्याच्या कणासारखे चमकतात. एकदा दिसला की टॉर्च थेट डोळ्यात मारत राहू नका, बाजूला वळवा किंवा लाल कागद लावा.

ट्रेल कॅमेरा (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) परवडत असेल तर गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेला तिरपा बांधा, समोरचं गवत कापा नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पानांचेच शेकडो फोटो मिळतात, आणि उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड नको. शेजाऱ्यांचं घर, दार, खिडकी फ्रेममध्ये येणार नाही हे नक्की बघा.

साप दिसला तर दोन-तीन मीटर लांब थांबा, त्याला जायची वाट मोकळी ठेवा, बहुतेक वेळा तो स्वतःच निघून जातो. घरात शिरला तर प्रशिक्षित सर्पमित्रांना बोलवा. व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका, मग ती बिनविषारी धामण आहे असं कोणी कितीही खात्रीने सांगू दे. वटवाघूळ किंवा कुठलाही जखमी सस्तन प्राणी उघड्या हाताने उचलायचा नाही, चावलं-ओरबाडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच डॉक्टरकडे, रेबीज ही थट्टा नाही.

पायरी ८: अंगण धोक्याचं नाही ना ते बघा

पक्षी बोलवायचे आणि मग ते काचेवर आपटून मरायचे, असं होऊ देऊ नका. काचेत आकाश आणि झाडं दिसतात आणि पक्षी सरळ घुसतो. एखादा ससाण्याच्या आकाराचा स्टिकर लावून काही होत नाही, पूर्ण काचेवर बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा रेघा पाहिजेत, एकमेकांपासून पाच सेंटिमीटरच्या आत. पाणी किंवा फीडर काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा (तिथून उडाला तर वेग नसतो) नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे.

मांजर पाळली असेल तर घरात ठेवा, निदान पहाटे-संध्याकाळी आणि पिल्लांच्या दिवसात तरी. उंदरांसाठी विषाच्या गोळ्या नकोत, विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, गव्हाणी घुबड तोच आधी उचलतं आणि विष त्याच्या पोटात जातं. रात्रभर जळणारे पांढरे दिवे बंद करा, लागतोच तर पिवळट, खाली तोंड केलेला.

पायरी ९: घरटं आणि पिल्लं

घरटं सापडलं की जवळ जायचं नाही, फांदी बाजूला करून डोकवायचं नाही. तुम्ही कुठे सारखं बघताय हे कावळेही बघत असतात. बऱ्याच देशांत रानटी पक्ष्यांची घरटी आणि अंडी कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे विणीच्या दिवसात झाडांची छाटणीसुद्धा पुढे ढकला.

जमिनीवर पिल्लू दिसलं तर थांबून बघा. पिसं आलेली आहेत, आखूड शेपटी आहे, टुणटुण उड्या मारतंय, तर ते हरवलेलं नाहीये! घरट्यातून बाहेर पडून उडायला शिकतंय आणि आई-बाप जवळच आहेत, तुम्ही तिथे उभे आहात म्हणून येत नाहीयेत. मांजर जवळ असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. उघडं, पिसं नसलेलं पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. घरी आणून दूध पाजणं, पाणी चोचीत ओतणं हे मात्र कधीच करू नका, पाणी श्वासनळीत जातं. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवून वन विभाग किंवा वन्यजीव बचाव केंद्राला कळवा.

चिमण्यांसाठी खोकं लावणार असाल तर भोक ३२ मिलिमीटर, खाली बसायची दांडी नको (ती कावळ्यांनाच उपयोगी पडते), दोन-तीन मीटर उंच, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीवर.

पायरी १०: लिहा

साधी वही. तारीख, वेळ किती ते किती, हवा कशी, कोण, किती, आणि काय करत होते. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "बुलबुल २" यापेक्षा "बुलबुल २, एकाच्या चोचीत वाळलेलं गवत, तीनदा त्याच झुडपात" यातून घरटं कुठे आहे ते कळतं. जे दिसलं नाही तेही लिहा, रोज येणारी साळुंकी चार दिवस आली नाही ही पण नोंदच आहे. धोबी पक्षी पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटचा कधी, कोकीळ पहिल्यांदा कधी ओरडला, या तारखा वेगळ्या पानावर काढा, दुसऱ्या वर्षी तेच पान सगळ्यात जास्त वेळा उघडाल.

मग वाटलं तर नोंदी ई-बर्डवर टाका, २००२ मध्ये कॉर्नेल लॅब आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटीने (अमेरिकेतली पक्षी-संवर्धन संस्था) सुरू केलेला हा डेटाबेस आहे आणि आता जगभरचे लोक त्यात भर घालतात. तिथे एक प्रश्न विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का, त्याला "हो" म्हणता येईल अशीच यादी करा, म्हणजे कावळे-कबुतरंही मोजा, कारण नुसते छान छान पक्षी लिहिले तर कोण कमी होतंय हे कुणालाच कळणार नाही. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, १९९८ मध्ये सुरू झाला, २०१३ पासून जगभर, निदान पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे एवढीच अट, नवीन माणसाला सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त नाही. किडे, सरडे, फुलपाखरं यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट हे ॲप, फोटो टाकला की इतर लोक ओळखायला मदत करतात. फक्त घुबडाची दिवसाची झोपायची जागा आणि चालू घरटं याचं नेमकं ठिकाण कुठेही टाकू नका, फोटो पिल्लं उडून गेल्यावर टाकला तरी चालतो.